स्टेडियमची उसळ

शेवंती गेली आणि तिच्या पाठोपाठ कंत्राटाची तारीख आली. स्टेडियमच्या कमिटीची पद्धत ठरलेली होती. कॅन्टीन चालवू पाहणाऱ्यांनी पदार्थ आणायचे, कमिटीने चाखायचे, मग निकाल. या खेपेला एक मोठी हॉटेल कंपनीही उतरली होती. आई नुकतीच गेलीय, तारीख पुढे ढकला, अशी शेवंतीच्या मुलीने, मालनने, विनंती केली. सचिवांनी दुःख व्यक्त केलं आणि तारीख तीच ठेवली.

शेवंतीची मूळची लालबागच्या चाळीतली खानावळ. गिरण्यांचा संप लांबला तसे जेवायला येणारे कामगार एकेक करून कोकणात गेले आणि पाट भिंतीला टेकून राहिले. तेव्हा शेवंती उसळीचा टोप घेऊन स्टेडियमच्या फाटकाशी बसू लागली. आधी मैदानावरचे माळी गिऱ्हाईक झाले, मग गॅलरीतले प्रेक्षक, शेवटी अख्खं कॅन्टीनच तिच्याकडे आलं. हाताखालच्या साऱ्या बायका संपात घरी बसलेल्यांच्या. कंत्राट गेलं तर त्यांच्या चुली विझतील, हे मालनला कुणी सांगायला नको होतं.

मालन बिनलग्नाची, आईच्याच घरातली, त्यामुळे सुतक पुरतं तिच्यावर. तिच्या हातचं परक्यांच्या पानात जायचं नाही, असं लवूमामाने, शेवंतीच्या भावाने, बजावलं होतं. मालनने पुष्कळ वाचलं होतं आणि यातलं तिला फारसं पटत नव्हतं. पण आईने पाळलं असतं, म्हणून ती उंबऱ्याबाहेर बसली. शेवंतीची सगळ्यात जुनी मदतनीस मीनाक्षी हिने वाटाण्याची उसळ शिजवली.

कमिटीच्या टेबलावर उसळ-पाव गेला. पहिल्याने घास घेतला आणि पुढे खाल्लंच नाही. दुसरा पाणी प्यायला. तिसरा हसत म्हणाला, "बाई, पथ्याची आहे का हो? मला अजून बीपी नाही."

बाकीचे हसले. मालनने मीनाक्षीकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"मीठ मावशी घालायच्या," ती पुटपुटली.

ते खरंच होतं. खानावळीपासूनचा शिरस्ता तो. भाजी चिरणारी वेगळी, वाटण करणारी वेगळी, मीठ मात्र शेवंतीच्याच हातचं. आणि शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत रांधणारीने जिभेला काही लावायचं नाही, हा दुसरा. मीनाक्षीने दोन्ही पाळले होते. सवयीने टोप मिठासाठी बाजूला ठेवला, सवयीने कुणीतरी तो झाकला आणि टेम्पोत चढवला.

मालनने सचिवांकडे थोडा वेळ मागितला. कंपनीचं चाखून होईपर्यंत आणा, ते म्हणाले.

कॅन्टीनच्या शेगडीवर टोप चढला. मीनाक्षीने मिठाची बरणी उघडली आणि हात तसाच राहिला. "किती घालू, ताई? मी कधी घातलंच नाही."

मालनने बरणी तिच्या हातातून घेतली.

"मालन, हात लावू नको," लवूमामा दारातून म्हणाला. "दहावा व्हायचाय अजून."

"माहीत आहे, मामा."

तिने मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, पळीतली उसळ तळहातावर घेतली आणि तोंडाला लावली. मामाने मान फिरवली. कमीच होतं. तिने आणखी घातलं, पुन्हा चाखलं. आई नुसत्या वाफेवरून ओळखायची. मालनला वाफेतून काहीही कळलं नाही, नुसते डोळे चुरचुरले.

"आईसारखी नाही झाली," ती म्हणाली. "पण खाण्याजोगी आहे. तू पण बघ."

मीनाक्षीने आधी मामाकडे पाहिलं, मग तळहात पुढे केला. चाखून म्हणाली, "चिमूटभर अजून."

निकालात खेळाडूंचं जेवण आणि वरच्या बॉक्समधलं खाणं कंपनीला गेलं. गॅलऱ्या मालनकडे राहिल्या. आधीपेक्षा काम कमी, पण एकाही बाईला घरी बसवावं लागणार नव्हतं.

मामा तिच्याशी बोलेना. दहाव्याला बाणगंगेवर आला, सगळं नीट करून घेतलं. परतताना टॅक्सीत तिच्याच शेजारी बसला.

"शनिवारी मॅच आहे ना," तो अखेर म्हणाला. "मीठ कोण घालणार?"

"जी शिजवेल ती," मालन म्हणाली. "आणि चाखेलही तीच."

मामाने हुंकार भरला. होकार की नकार, ते कळलं नाही. पण शनिवारी पहाटे टेम्पो घेऊन तो वेळेवर आला आणि टोप चढवण्याआधी त्याने मीनाक्षीला विचारलं, "चाखून बघितलंस ना?"