राजशेखरनं तपासलेला कोड

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात दूध संस्थांचं सॉफ्टवेअर तयार व्हायचं. नियम एकच. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचा नाही. क्रांतीचा कोड राजशेखर वाचायचा, राजशेखरचा क्रांती. त्याच्या कितीतरी चुका तिनं गुपचूप दाखवून दिल्या होत्या आणि चारचौघांत कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग एक दिवस मालक आकारामसरांनी दोघांना बोलावलं. "काम कमी झालंय. दिवाळीनंतर तुमच्यातलं एकच ठेवणार हाय."

राजशेखरची सोयरीक निपाणीत जमत आली होती. मुलीकडच्यांनी नोकरी पक्की आहे ना, एवढंच विचारलं होतं.

त्याच आठवड्यात क्रांतीचा कोड त्याच्यापुढे आला. त्यात म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागत होता. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक.

"आईला दवाखान्यात न्यायचंय दादा, घाईत लिहिलंय," क्रांती म्हणाली. "जरा डोळ्यांत तेल घालून बघा."

"बघितलं की. एक नंबर हाय." आणि त्यानं मंजूर केलं. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. वर हा गडी तिच्याच डब्यातली भाकरी खाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगरीकडून फोनवर फोन. म्हशीवाल्यांनी एका संस्थेच्या सेक्रेटरीची गचांडी धरली होती.

"कुणी लिवलं हे?" आकारामसर ओरडले.

"मी," क्रांती म्हणाली.

"आणि बघितलं कुणी?"

राजशेखरच्या तोंडचं पाणी पळालं. तो काही बोलायच्या आत क्रांतीच बोलली, "सर, दादांची चूक न्हाय. मीच त्यांना घाई केली."

खरं सांगायला त्याला तेव्हाही वेळ होता. तो कीबोर्डकडे बघत बसला.

"उद्यापासनं येऊ नको," सर तिला म्हणाले.

क्रांतीनं डबा, चार्जर पिशवीत भरला आणि त्याच्या टेबलापाशी आली. "दादा, दुसरीकडं अर्ज करते. माझं काम तुम्हीच जवळनं बघितलंय. चौकशीला तुमचा नंबर देऊ?"

"दे की."

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. क्रांतीचं काम कसं होतं, असं पलीकडच्या बाई विचारत होत्या. चांगलं म्हणावं, तर मग काढलं का, हे त्यांनी विचारलंच असतं. राजशेखर गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं.

"पोरगी स्वभावानं लई चांगली हाय, मॅडम," तो म्हणाला. "पण तिच्या कामावर डोळा ठेवावा लागतो."