शेवटचं शेपूट आत आल्यावर

दूध संस्थेने नेकनूरजवळ चारा छावणी उघडली, त्या दुष्काळी वर्षी मी बी.एस्सी. होऊन घरीच होते. छावणीत वैरण तोलणारा माणूस काम सोडून गेला आणि ती जागा आमच्या शेजारच्या बायनाबाईंना हवी होती. चार महिने त्या काट्यापासून दावणीपर्यंत डोक्यावर पेंढ्या वाहत होत्या.

"उचलून लई झालं," त्या म्हणाल्या. "आता तोलणार."

संस्थेचे सचिव राधाकिशनअण्णा म्हणाले, "बायनाबाई, हिशेब झटक्यात पायजे. लाईन थांबली की जनावरं छावणी डोक्यावर घेतेत." तरी त्यांनी सोमवारी दहा घरांची वैरण तोलून दाखवायला सांगितलं.

हातात पाच दिवस होते. सरावासाठी मी जुन्या लॅपटॉपवर एक खेळ लिहिला. पडद्यावर एका घराची जनावरं एकामागोमाग पळत येतात. छावणीच्या नियमाप्रमाणे मोठ्याला पंधरा किलो वैरण, लहानाला साडेसात. जनावर दावणीला पोचायच्या आत तोवरची बेरीज टाईप करायची: पंधरा, साडेबावीस, साडेसदतीस. चुकलं किंवा उशीर झाला की ते हंबरतं. तीनदा हंबरलं की खेळ संपला. दर घराला वेग दहा टक्क्यांनी वाढतो. तपासायला म्हणून बसले ती मी जेवायचं विसरले.

बायनाबाईंचा खेळ मात्र पहिल्याच घरात संपायचा. बोट उचलून त्या नुसत्या बघत राहायच्या. तीन दिवसांत त्या बेचाळीस वेळा खेळल्या. सर्वांत जास्त गुण दोन. मी वेग निम्मा केला. तरी दोनच.

"मावशी, बटण का दाबत न्हाई?"

"आगं, घर तर येऊ दे समदं!" त्या वैतागल्या. "बैल आला की सांग, वासरू आलं की सांग. असं कुणी मोजतंय का?"

"मग कसं मोजता?"

"दोन वासरं म्हंजी एक बैल. शेवटचं शेपूट आत आलं की बैल मोजायचे अन् दिडकी म्हणायची."

दिडकी म्हणजे दीडपटीचा पाढा. मी त्याचं फक्त नाव ऐकलं होतं. मी विचारलं, "पाच मोठी, चार लहान?"

"सात बैल. साताची दिडकी साडेदहा. दहापट कर. एकशे पाच."

हीच बेरीज करायला मला सहा सेकंद लागले, त्यांना दोन. चूक माझ्या खेळात होती. जिथे एक उत्तर पुरे होतं तिथे मी नऊ मागत होते. त्याच दुपारी मी नियम बदलला: सगळं घर आत येऊ द्यायचं आणि एकच आकडा टाकायचा. संध्याकाळपर्यंत बायनाबाई चौदाव्या घरापर्यंत पोचल्या. मी अकराव्यात हरले.

"शिकलेली हायेस ना गं?" त्या हसल्या.

सोमवारी अण्णा कॅल्क्युलेटर घेऊन काट्याशेजारी उभे राहिले. आठ घरं बिनचूक झाली. नववं सुग्रीवचं होतं. सहा मोठी, तीन लहान. लहानांत जोडी जमेना. बायनाबाईंनी बोटाने एक वासरू बाजूला काढलं.

"सात बैल एकशे पाच. एकट्या वासराचे साडेसात. एकशे साडेबारा."

अण्णा अजून बटणं दाबत होते. मागे एक म्हैस हंबरली.

"अण्णा, ती तुमच्या नावानं हंबरली बघा," सुग्रीव म्हणाला.

दहावं घर झाल्यावर अण्णांनी कॅल्क्युलेटर खिशात टाकला आणि काट्यामागचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. बायनाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून स्टुलावर ठेवली, त्यावर बसल्या आणि ओरडल्या, "हं, फुडचं घर!"