हात न पोचलेला कोपरा

“झाकण ठेवायच्या आधी आत हात फिरव. रेघेला डोळा लागतो, सांध्याला बोट. बोट म्हणेल हो, मगच झाकायचं.”

मित्रांनो, हे वाक्य ज्याने ऐकायला हवे होते त्याने ऐकले आणि विसरल्यासारखे केले. मी मात्र ते विसरले नाही. कारण ते माझ्याच पोटावर वाकून बोललेले होते.

मी एक जुनी होडी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून, आडव्या तुळयांनी बांधून, मध्ये डोलकाठी उभी करून शिडाची जी जोडहोडी होते, तिच्यातली मी डावी. उजवी माझी जुळी बहीण. आम्ही दोघी कारखान्यात जन्मलो नाही. एका बसड्रायव्हरच्या घराच्या पुढच्या खोलीत, जेवणाचे टेबल गच्चीवर पाठवून केलेल्या जागेत आमचा जन्म झाला.

आम्हाला घडवणारे दोघे लहानपणापासूनचे मित्र. घरमालक ड्रायव्हर, हात मोठे, मन त्याहून मोठे, फक्त धीर कमी. दुसरा चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचे छोटे दुकान होते, आणि काचा तो स्वतः घासायचा. एक डोळा मिटून तो फळीच्या कडेवरून बघायचा आणि म्हणायचा, “इथे केसभर पोट आलंय.” मापपट्टी लावली की केसभरच निघायचे.

प्लायवूडच्या पातळ फळ्या कापून त्यांनी कडांना छिद्रे पाडली आणि तांब्याच्या तारेने आम्हाला चक्क शिवले. ड्रायव्हरची बायको दारात उभी राहून हसायची.

“होडी शिवताय की उशांचे अभ्रे?”

“वहिनी, शीड तुमच्याच मशीनवर शिवायचंय,” चष्मेवाला म्हणायचा. “आत्ता हसा, मग रडा.”

“भावजी, शिवीन हो. पण माझं टेबल खाली कधी येणार?”

“होडी पाण्यात गेली की.”

“म्हणजे आम्ही म्हातारपणी टेबलावर जेवणार!”

किती सुखाचे दिवस होते ते! लाकडाचा भुसा चहात पडायचा आणि कुणी तक्रार करायचे नाही.

शिवण झाली की प्रत्येक सांधा आतून डिंकाने भरायचा, मग तारा कापून काढायच्या, असे ते काम. माझ्या नाकाडात, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकात, एक आडवी फळी बसवून, वरून झाकण लावून बंद करायचा कप्पा केला होता. त्यात हवा राहावी, म्हणजे काहीही झाले तरी मी तरंगेन. तो कप्पा इतका अरुंद, की त्याच्या टोकाच्या कोपऱ्यात चष्मेवाल्याचीच सडपातळ बोटे पोचत. ड्रायव्हरचे मनगट फळीपाशीच अडकायचे. उजवीच्या तशाच कप्प्यातला कोपरा चष्मेवाल्याने भरला. माझा भरायचा होता, तेवढ्यात त्याच्या आईला दवाखान्यात ठेवावे लागले.

“मी येईपर्यंत डावीचं झाकण ठेवू नकोस,” जाताना तो म्हणाला. आणि मग ते वाक्य म्हणाला, जे मी सुरुवातीला सांगितले.

“जा रे बाबा, आईकडे बघ. होडी कुठे पळून जात नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

होडी पळाली नाही. धीर पळाला. सुट्टी संपत आली होती, घरात भुसा होता, टेबल गच्चीवर होते. एका दुपारी त्याने झाकणाच्या कडांसाठी डिंक घोटला. मित्रांनो, हा डिंक दोन डब्यांतला ऐवज एकत्र करून होतो. एकदा घोटला की तो कुणासाठी थांबत नाही; तापतो, धूर सोडतो आणि दगड होतो. घोटून झाल्यावर ड्रायव्हरला कोपरा आठवला. त्याने हात आत घातला. मनगट अडकले. काठीला चिंधी बांधून बघितले, ती मध्येच गळून पडली. भांडे हातात गरम होऊ लागले होते. त्याने एकदा दाराकडे पाहिले, आणि झाकण ठेवले.

माझ्या पोटात अंधार झाला.

चष्मेवाला आला तेव्हा मी बाहेरून गुळगुळीत झाले होते. तारा काढलेल्या, छिद्रे बुजवायला लांबीचा लेप, त्यावर पांढरा रंग.

“नाकाडातला कोपरा भरलास?”

“भरला की.”

“हात गेला?”

“गेला कसाबसा.”

चष्मेवाल्याने पुन्हा विचारले नाही. मित्राच्या शब्दावर बोट फिरवून बघायचे असते, हे त्याच्या मनातही आले नाही.

आम्ही पाण्यात उतरलो त्या दिवशी काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी शिवलेले शीड असे फुगले, की त्या स्वतःच “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी आणि माझी बहीण पाणी चिरत धावलो. मला वाटले, तो कोपरा राहिला तर राहिला.

पण वाळूवर ओढताना माझ्या छिद्रांवरचा लांबीचा लेप घासला गेला. एकेका छिद्रातून पाणी आत येऊ लागले, थेंबथेंब, चोरासारखे. माझे नाकाड खाली बसू लागले. काठावर नेताना ड्रायव्हर नेहमी धावत येऊन माझे डावे टोक उचलायचा. “तू मागे हो, तुझी कंबर दुखेल,” म्हणायचा. चष्मेवाल्याला ती माया वाटायची. मला माहीत होते की माझ्या पोटातले पाणी डुचमळते, ते त्याला कळू नये म्हणून ही धावपळ आहे.

एक दिवस चष्मेवाला काठावर बसून बराच वेळ एक डोळा मिटून पाण्यावर तरंगणाऱ्या आम्हा दोघींकडे बघत राहिला. मग दुसरा मिटून.

“डावी वाकडी आहे. फळ्या कापायची रेघ मीच आखली होती.”

“लाकूडच तसं असेल रे,” ड्रायव्हर म्हणाला.

“लाकूड नाही. माझा डोळा गेला. ज्याला होडीची रेघ सरळ दिसली नाही, त्याने लोकांना चष्मे द्यायचे?”

ड्रायव्हर खाली वाकून शिडाची दोरी गुंडाळू लागला.

त्यानंतर चष्मेवाला आमच्याकडे आला नाही. दुकानातही तो काचा घासेनासा झाला. तयार मागवून नुसत्या बसवायचा. आमच्या तुळया सुटल्या. घरामागे विटांवर, ताडपत्रीखाली, आम्ही दोघी बहिणी पालथ्या पडलो. वहिनी मात्र रोज सकाळी, इतर कामाला हात लावण्याआधी, ताडपत्री उचलून आमच्यावरून एक ओला फडका फिरवायच्या. कुणी सांगितले नव्हते. त्यांचा तो नेमच होता. न वापरलेल्या वस्तूलाही कुणाचा तरी हात लागावा, असे त्यांना वाटत असावे.

काल फडका फिरवता फिरवता त्यांचे बोट माझ्या नाकाडात रुतले. लाकूड भिजलेल्या पावासारखे झाले होते. त्यांनी उजवीला दाबून पाहिले. ती टणक होती.

“अहो, जरा मागे या.”

ड्रायव्हर आला. त्यांच्या बोटाकडे बघून जागीच थांबला.

“इथला कोपरा कुणी भरला होता?”

“मी.”

“तुमचा हात गेला इथे? बिस्किटाच्या बरणीत जात नाही तुमचा हात! तळातली बिस्किटं आजवर मी काढून देत आले.”

तो खाली विटांवर बसला.

“भावजी दुकान विकताहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बाजारात कळलं. घासायचं मशीन उद्या नेणारेत. म्हणे, नजर राहिली नाही.”

“त्याच्या नजरेला काही झालेलं नाही गं,” ड्रायव्हर म्हणाला. “रेघ सरळच होती. मला माहीत होतं. रोज माहीत होतं.”

“मग हे मला सांगून काय उपयोग?”

ड्रायव्हर विटांवरून उठला. मग तो म्हणाला, “उद्या सकाळी जातो. मशीन उचलायच्या आधी. शब्द देतो तुला.”

त्या रागावल्या नाहीत. फडका पिळला आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या, पाण्यात न्या, असे मी म्हणणार नाही. तुम्ही एखादी वस्तू घडवाल, तेव्हा जिथे कुणाची नजर जाणार नाही त्या कोपऱ्याशी आधी खरे वागा, एवढेच मागणे आहे. आणि तो राहून गेला, तर “राहिला” म्हणा. चष्मेवाल्याने विचारले तेव्हा एवढाच एक शब्द पुरला असता. माझे झाकण उचकटता आले असते.

आज सकाळी ड्रायव्हर करवत घेऊन आला. माझे नाकाड त्याने वीतभर कापले. दुखले, पण बरे वाटले. साचलेले पाणी भळकन बाहेर येऊन त्याच्या चपला भिजल्या. कापलेला तुकडा त्याने उजेडाकडे धरला. डिंकाचा एक थेंबही नसलेल्या त्या सांध्यात छिद्रांची ओळ होती, आणि प्रत्येक छिद्रातून उजेड येत होता. त्याने एक डोळा मिटून रेघेवरून पाहिले. रेघ सरळ होती.

वहिनींनी जुने वर्तमानपत्र पुढे केले. त्याने तुकडा त्यात गुंडाळला, काखेत धरला, फाटक आवाज न करता लावले, आणि ओल्या चपलांनीच तो बाजाराच्या दिशेने चालू लागला.