बाहेरून लावलेली कडी

"हिंमतकाका, तुमच्या खव्याच्या भट्टीवरची लालबी घरी कधी जाते हो?"

दूध घालायला आलेल्या आठ-दहा जणांदेखत तारामतीनं खणखणीत विचारलं आणि रिकामी चरवी कमरेवर टेकवून ऐटीत उभी राहिली. पैज मैत्रिणींची होती. गुरुजींनी वर्गात सांगितलं, वेठबिगारी कायद्यानं बंद झालीय, तशी फरिदा तिच्या कानाशी लागली, "मग लालबी ईदलासुदीक बाहेर का येत न्हाय गं? एवढी भाषणं ठोकतीस, विचारून दाखव की!" पंधरा ऑगस्टला सगळ्या गावापुढं बोलल्यापासून तारामतीला भीती कशाशी खातात तेच ठाऊक नव्हतं.

हिंमतराव हसले. "घरी? अगं, हेच तिचं घर. आगापिछा न्हाय बिचारीला."

बाकीचे आपापल्या चरवीत बघत राहिले. तारामतीला वाटलं, जिंकली आपण! शाळेपर्यंत ती उड्या मारतच गेली.

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या खिडकीवर फळी ठोकलेली. रोज दूध घातलं की लालबी त्या खिडकीतनं पळसाच्या पानावर खरवड द्यायची. कढईच्या बुडाला लागलेला तो खमंग खवा म्हणजे दूध आणणाऱ्या पोरांचा हक्कच. तारामती हळूच भट्टीच्या मागं गेली. तिथल्या दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. आत भट्टी पेटलेली, आत माणूस, आणि कुलूप बाहेर!

"लालबी मावशी?"

दाराच्या फटीत एक डोळा आला. "जा बेटी. कल तू पुछी, मेरेकू मार पडी."

तारामती फटीशी वाकली. मार तिच्यामुळं! "तुम्ही पळून का जात न्हाय?"

"बच्ची मालिक के बहन के घर है, तामलवाडीमें. तीन साल हुए. मैं निकली तो बच्ची दिखती नै, बोलते." फटीवर टेकलेल्या हातावर भाजल्याचे डाग होते, जुन्यावर नवे.

मागं वहाणा करकरल्या. फटीतला डोळा नाहीसा झाला.

"काय बघतीस, बाळ?" हिंमतराव मऊ आवाजात म्हणाले.

"ख... खरवड मागत होते."

"एवढंच व्हय!" त्यांनी कुलूप काढून स्वतः आत जाऊन पानावर खरवड आणली. "खा. इथंच खा, माझ्यापुढं."

तिनं एकेक घास गिळला. पान चाटूनपुसून होईस्तोवर ते हलले नाहीत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात चांगलाच जड. "शाणी पोरगी. तुझ्या बापाचं, कोंडीरामचं दूध माझ्याशिवाय घेतंय कोण? ध्यानात ठेव."

घरी येताना ती चारदा मागं वळली. दारात पोचली आणि भडाभडा ओकली.

आईनं, मथुराबाईंनी, पाणी दिलं, पाठ चोळली. तारामतीनं सगळं सांगितलं. कोंडीराम खाली मान घालून म्हणाला, "समद्या गावाला ठाव हाय, पोरी. आपली एक म्हस, त्यांच्या दारी दूध. गप ऱ्हा."

"आबा, तुमाला ठाव होतं?"

तो म्हशीचं दावं वळायला लागला. आई पदराशी चाळा करत राहिली. तारामतीचं डोकं भराभर चाललं होतं. पुन्हा ओरडून विचारलं तर मार पुन्हा लालबीलाच. आणि नुसतं कुलूप काढायला माणसं आली तर तिकडं पोरगी गायब व्हायची. सरकारी माणसं दोन्हीकडं एकाच वेळी जायला हवीत, आणि तोवर गावात चकार शब्द नको.

"आई, आबा," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "आई, आबा, उद्या मी पहिल्या यष्टीनं कळंबला मामलेदारांकडं जाणार. लालबी मावशीचं आणि तिच्या पोरीचं, दोघींचं लिहून देणार, खाली माझं नाव घालून. आबा, तुमी आलात तर तुमच्यासंगं, न्हायतर एकटी."