तुमची कॉफी, तुझी कॉफी

मित्रांनो, कोत्का बंदरातल्या नाट्यगृहात टेबलाच्या आखूड पायाखाली बसलेला जाडजूड इंग्रजी-फिनिश शब्दकोश तो मीच. माझ्या फाटक्या पुठ्ठ्यावर जाऊ नका. एके काळी माझ्याशिवाय इथलं पान हलत नसे.

छापखान्यातून आलो तेव्हा मला भारी घमेंड होती. साध्यासुध्या शब्दांचेही मी वीस-वीस अर्थ देत असे. फक्त ‘यू’पुढे माझ्याकडे दोनच शब्द होते: ‘सिना’ म्हणजे तू आणि ‘ते’ म्हणजे तुम्ही. कोणता कधी वापरायचा, हे छापणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं.

नेमकं तिथंच त्यूनेबाईंचं पहिलं भाषांतर अडलं. नाटकांच्या ओढीनं त्या शाळेतली नोकरी सोडून आल्या होत्या. या नाटकात एक विधवा खाणावळवाली होती आणि तिच्याकडे राहणारा एक खलाशी. इंग्रजीत दोघं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकांना ‘यू’च म्हणत.

आमच्याकडे ‘ते’वरून ‘सिना’वर कुणी आपलं आपण येत नाही. बाई किंवा वडीलधारं माणूस हात पुढे करतं, दोघं आपापलं पहिलं नाव सांगतात, मगच ‘सिना’. त्यूनेबाईंनी मला मिटून ठेवलं. मला रागच आला. शेवटच्या प्रवेशात खाणावळवालीच्या तोंडी त्यांनी एकदम ‘सिना’ घातलं. ना हात, ना नाव.

दिग्दर्शक हिएतालासाहेब म्हणाले की लोक हसतील, आणि प्रयोग पडला तर पुढची कामं हेलसिंकीच्या माणसाला जातील.

“हट्ट तुमचा, जबाबदारीही तुमची.”

प्रयोगाला गोदी कामगार सहकुटुंब आले. मी त्यूनेबाईंच्या मांडीवर होतो. वादळातून वाचलेला खलाशी दारात येऊन थांबला. इतके दिवस “या, तुमची कॉफी निवतेय” म्हणणारी ती बाई त्याच्याकडे बघत राहिली.

“ये,” ती म्हणाली. “तुझी कॉफी निवतेय.”

मग मागच्या रांगेत एका क्रेनवाल्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आम्ही जिंकलो होतो!

पडदा पडल्यावर हिएतालासाहेब कॉफीचे दोन कप घेऊन आले आणि घुटमळत उभे राहिले. त्यूनेबाईंनी हात पुढे केला.

“त्यूने.”

“आर्मास,” ते म्हणाले. हात मिळवायच्या गडबडीत कॉफी माझ्यावर सांडली आणि ‘यू’च्या पानापर्यंत मुरली. “पुढचं नाटकही तूच कर.”

मित्रांनो, कधी मला टेबलाखालून काढलंत, तर धूळ झटका, ओल लागू देऊ नका. ‘यू’च्या पानावरचा तो डाग मात्र पुसू नका. ते माझं पदक आहे.