खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी सोलापुरातली एक जुनी काळी सायकल आहे. माझं वय विचारू नका. पण एवढं आयुष्य काढूनही यंदाच्या दसऱ्यासारखा धक्का मला कधी बसला नव्हता.

सायकलींच्या कारखान्यातून मी आले ती थेट चन्नवीर अज्जांच्या घरी. अज्जा माझ्यावरून चादरीच्या कारखान्यात कामाला जात. मला रोज फडक्याने पुसत, आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत. ते गेले, घरात मोटारसायकल आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. सीटवर कांद्याची पिशवी, हँडलला ओल्या छत्र्या! आपण अडगळ झालो, हे मनाला फार लागलं.

मला बाहेर काढलं अज्जांच्या नातीने, आठवीतल्या दाक्षायणीने. दुकानात न्यायचं सोडून ही पोरगी स्वतःच पाना घेऊन बसली. चेन काढली खरी, पण परत बसवता येईना. मी हादरलेच. ती मात्र हटली नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला शिकली, पंक्चर काढायला शिकली, ब्रेकची नवी रबरंही तिनेच बसवली. मी पुन्हा रस्त्यावर आले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा होते. दाक्षायणीने मला धुतलं, चेनला तेल दिलं. इथवर ठीक होतं. पण पूजेत मी झळकले पाहिजे म्हणून तिने उरलेलं तेल फडक्यावर घेतलं आणि दोन्ही चाकांच्या रिम घासून काढल्या. अगं, तिथे नको! ब्रेकची रबरं रिमला घट्ट धरतात म्हणून तर मी थांबते. पण मला ओरडता कुठे येतं? वर हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली.

"लई चमकती की," धाकटी बहीण शिवानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिवानीला कॅरिअरवर बसवून दाक्षायणी सोनं वाटायला निघाली. पुलाच्या उतारावर समोर बस उभी दिसली. तिने ब्रेक दाबले, रबरं सुळकन घसरली. मी थांबेना! मित्रांनो, मला माझीच भीती वाटली. बसवर आदळणार एवढ्यात तिने मला वळवलं आणि कडेला टाकलेल्या, न खपलेल्या झेंडूच्या ढिगात आम्ही तिघी घुसलो. शिवानीची हनुवटी फुटली.

घरी पोरींची आई भुवनेश्वरीबाई पांढऱ्याफटक पडल्या. उद्याच हिला भंगारात घाला, म्हणाल्या. मी सुन्न झाले.

"अव्वा, सायकलचा दोष न्हाय," दाक्षायणी रडत आईला म्हणाली. "रिमला तेल मी लावलं."

मग तिने साबणाच्या पाण्याने रिम धुतल्या, पुसून कोरड्या केल्या, रबरं पॉलिश पेपरने घासली. आता थांबती, म्हणून आईला सांगितलं.

जन्मात सायकलवर न बसलेल्या भुवनेश्वरीबाईंनी पदर खोचला. "मग आदी मी बसते मागं. थांबली तर शिवानी बसंल."

हा मला दुसरा धक्का. त्याच उतारावर दाक्षायणीने पुन्हा ब्रेक दाबले. मी जागच्या जागी उभी राहिले. भुवनेश्वरीबाई उतरल्या. कडेने चालत आलेल्या शिवानीला उचलून त्यांनी कॅरिअरवर बसवलं.

मित्रांनो, आपली सायकल दुरुस्त करायला जरूर शिका. माझी पूजा करा, माळ घाला, चेनला तेल द्या. रिम मात्र कोरडी ठेवा, आणि निघण्याआधी एकदा ब्रेक दाबून बघा. मागे कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.