सहानंतरचे बावीस ‘ठीक आहे’

मी फोन बोलतोय. काचेला तडा गेलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. हाच आवाज एके काळी माझ्या मालकिणीच्या घरात नकोसा झाला होता.

ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. तिथला ग्रुप चोवीस जणांचा. सुपरवायझर स्वभावाने गरीब, पण विसराळू. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. डोक्यात आलं की विसरायच्या आत पाठवून मोकळे. संध्याकाळी साडेसहाला ते लिहायचे, ‘उद्या आधी पांढऱ्या चादरी.’ त्यावर प्रत्येकाने ‘ठीक आहे’ लिहायचं, हा तिथला रिवाज. जो लिहिणार नाही तो कामचुकार. एका चादरीपायी मी बावीस वेळा किणकिणायचो.

नेमकी तेव्हाच ती वडिलांजवळ बसलेली असायची. बाबा जन्मभर शिंपीकाम केलेले. अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज एक तास, शांतपणे, ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करा. ती कात्री पुढे धरायची. बाबा ओठ जुळवायचे, “का... का...” आणि मी, टिंग! हाताशी आलेला शब्द निसटायचा. एकदा त्यांनी कात्री बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस सरावाला बसलेच नाहीत.

तिने मला गप्पही करून पाहिलं. पण त्याच ढिगात एकदा लवकर येण्याचा निरोप होता. तो हुकला, शस्त्रक्रियेच्या खोलीत चादरी उशिरा पोचल्या आणि तिला चार टोमणे ऐकावे लागले.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या चादरीत माझ्या बाबांचा शब्द गुंडाळून जातो हो.”

भाऊंनी डबा बाजूला ठेवून संध्याकाळच्या सरावाची सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, “अगं, आधी नाही का सांगायचं? माझी बायको तर या ग्रुपला सवतच म्हणते.”

त्या दिवसापासून भाऊंच्या खिशात एक वही आली. सहानंतर सुचेल ते वहीत, ग्रुपवर सकाळी. ‘ठीक आहे’ला कायमची सुट्टी. खरंच अडलं, तर सरळ फोन.

गेल्या आठवड्यात तसं अडलं. साडेसहाला मी वाजू लागलो. तिच्या हातात कात्री होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले.

“फोन... घे.”

दोन शब्द, सलग. ती जागची हललीच नाही. मी वाजून थांबलो, पुन्हा वाजलो.

“घे की,” बाबा वैतागले.

बॉयलर बंद पडला होता, उद्या दोन तास आधी यायचं होतं. “येते भाऊ,” ती डोळे पुसत हसली, “पण आधी बाबा काय म्हणाले ते ऐका.”

मित्रांनो, संध्याकाळी निरोप पाठवण्याआधी क्षणभर थांबा. पलीकडे कुणाचा तरी शब्द अगदी ओठांवर आलेला असेल. मी आता खिडकीत निवांत पडून असतो. कात्री अजून ‘का’वरच अडली आहे. असू दे, आम्हाला घाई नाही.